आडवीची बदली

आडवी गाडीच्या मागच्या सीटवर उभी राहून आली. जुन्या चादरीत गुंडाळलेली, दोन्ही अंगांना उशा, आणि वर ताईचा हात. पुढे दंतवैद्य गाडी चालवत होते. रस्त्यात खड्डा दिसला की ताई "हळू" म्हणायची, नसला तरी म्हणायची. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर ते दोन्हीला सारखाच ब्रेक लावत.

"द्यायची नाही म्हणतेस, मग आणलीस कशाला?" त्यांनी सिग्नलला थांबल्यावर विचारलं.

"दाखवायला."

"कोणाला?"

ताईने उशी सारखी केली. दाखवायची ती आज आईकडे चित्रं बघायला येणाऱ्या संग्रहालयाच्या बाईला नव्हे, दादाला, हे दंतवैद्यांनाही ठाऊक होतं. पण समोरच्याला तोंड उघडायला लावून दुखतं तिथेच बोट ठेवायचं, हे काम ते फक्त दवाखान्यात करत.

बाबा होते तोवर हा प्रवास दरवर्षी व्हायचा. बाबांचं चष्म्यांचं दुकान. ऐन तारुण्यात कधीतरी त्यांनी एका प्रदर्शनात एका शिल्पकाराची ब्राँझची बाई पाहिली आणि तिच्यासमोर ते दुकान उघडायची वेळ टळेपर्यंत उभे राहिले. ती घरी आणायची तर दुकान विकावं लागलं असतं आणि घराचं दारही तोडावं लागलं असतं. मग त्यांना कळलं की हा गृहस्थ दगडावर चित्रंही काढतो. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचं, त्याचे मोजके छाप कागदावर घ्यायचे, प्रत्येकाखाली पेन्सिलीने सही करून क्रमांक घालायचा आणि शेवटी दगड घासून कोरा करून टाकायचा, म्हणजे पुन्हा छाप नाही. "पुतळा परवडत नाही, पुतळ्यामागचा विचार परवडतो," असं बाबा म्हणत. असे नऊ विचार त्यांनी आयुष्यभरात जमवले. सगळे बायकांचेच होते. बसलेल्या, टेकलेल्या, पाठमोऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या. मांड्या डोंगरासारख्या आणि डोकं सुपारीएवढं. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी या सगळ्या सुजलेल्या का आहेत असं विचारलं होतं, आणि त्यावर बाबा मनापासून हसले होते. तिला अजून वाटतं, आपल्यावर हसले.

नवांतले सहा छाप काळ्या शाईतले, तीन रंगीत. रंगीतांत राणी म्हणजे आडवी. विटकरी लाल अंगाची एक बाई कोपरावर रेलून पडलेली, आणि मागे निळ्याशार सावलीची टेकडी, की तिचीच दुसरी बाजू, यावर घरात कधी एकमत झालं नाही.

छाप जमवणारे बरेच असतात. बाबांच्या दोन सवयी मात्र फक्त बाबांच्या होत्या. पहिली सहीबद्दलची. काचेखाली चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट असते, ती लोक सही दिसेल अशी कापून घेतात. बाबा ती सही झाकेल अशी कापून घेत, त्यापायी चित्राची बोटभर कड पुठ्ठ्याखाली गेली तरी चालेल. सही बघायची असेल तर बँकेत जावं, चित्र बघायचं असेल तर समोर बसावं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सही केलेल्या छापांचा संग्रह म्हणून ज्याची नातेवाइकांत ख्याती होती, त्यातली एकही सही कुणी पाहिलेली नव्हती.

दुसरी सवय बदल्यांची. वर्षातून एका रविवारी बाबा सगळे छाप फिरवत. काही दादाकडे जात, काही ताईकडे, आणि उरलेले आईबाबांच्या घरी रुंद खणांच्या लाकडी कपाटात आडवे पडून राहत. याला बाबा 'रजा' म्हणत. कुणाकडे काय जाणार हे बाबा एकटे ठरवत, कारण देत नसत, आणि वशिला चालत नसे. सरकारी खात्यात बदल्यांच्या मोसमात जे वातावरण असतं तेच त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर असायचं. दादाच्या वाट्याला कायम काळे छाप आले. ताईकडे रंगीत येत, आणि आडवी तर बहुतेक वर्षं ताईकडेच. छोटू लग्न न करता आईबाबांजवळ राहिला, त्यामुळे त्याच्या वाट्याला कपाट आलं.

बाबा गेले आणि बदल्यांचे हुकूम बंद झाले. ज्याच्याकडे जे होतं ते तिथेच कायम झालं. आडवी तेव्हा ताईकडे होती. बाबांनी मृत्युपत्रात छापांचा उल्लेख केला नव्हता. ताईच्या मते तो करायची गरजच उरली नव्हती. पुढल्याच वर्षी ती जुन्या तळमजल्यावरच्या घरातून, जिथे दुपारीही दिवा लावावा लागे, पाचव्या मजल्यावरच्या मोकळ्या, उजेडाच्या घरात राहायला गेली. तिथली सगळ्यात चांगली भिंत तिने आडवीला दिली. गॅलरीच्या बरोबर समोरची. सकाळी ऊन थेट तिच्या अंगावर यायचं, आणि येणारा-जाणारा थबकून बघायचा. बाबांनी मला दिलेलं, असं ताई सांगायची. कधी कधी, न विचारताही.

आईच्या घरी जेवणाच्या टेबलावर छोटूने पांढरी चादर अंथरून ठेवली होती. पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला छोटू विमा कंपनीत दावे तपासतो. कुठल्याही गोष्टीचा शेवट काय होणार हे तो आधी बघतो. आपल्यानंतर हे छाप कोण सांभाळणार, असं त्याने भाचरांना, पुतण्यांना एकेकदा विचारून पाहिलं होतं. कुणी फोटो काढून ठेवू म्हणालं, कुणी बघू म्हणालं. मग त्याने परस्पर संग्रहालयाशी बोलणी केली. त्यांना छाप हवे होते. वेगळी खोली, दारावर बाबांचं नाव. अट एकच: नऊच्या नऊ, नाहीतर एकही नको. म्हणजे ताईचा नकार हा एकट्या ताईचा नकार राहिला नव्हता.

दादाने या बेताला लगेच पाठिंबा दिला तेव्हा छोटू चाट पडला होता. दोघा भावांचं कपाटाच्या किल्लीवरूनसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं. बाबांचं नाव दारावर लागावं म्हणून दादा हो म्हणतोय की आडवी ताईकडून निघावी म्हणून, हे विचारायच्या भानगडीत छोटू पडला नाही. मत ते मत.

वहिनीने ताईला स्वयंपाकघरात गाठलं. चहाच्या कपांवर चहाचे कप रचत ती हळूच म्हणाली की तिच्या मते ताईचंच बरोबर आहे, बाबांनी दिलेलं असं कुणी देऊन टाकतं का. फक्त बाहेर ती तसं बोलणार नव्हती, कारण तिला दादाबरोबर त्याच गाडीने घरी जायचं होतं. ताईने मान डोलावली. वहिनीचा पाठिंबा तिला इतक्या वर्षांत नेहमी स्वयंपाकघरातच मिळाला होता आणि नेहमी तिथेच राहिला होता.

संग्रहालयाची बाई वेळेवर आली. तिशीतली, मोजकं बोलणारी, पांढरे हातमोजे घालणारी. प्रत्येक फ्रेम उघडून सही आणि क्रमांक बघावा लागेल, असं तिने सांगितलं, आणि घरात एकदम उत्साह पसरला. देणं-न देणं राहिलं बाजूला. बाबांनी जन्मभर झाकून ठेवलेल्या सह्या बघायला मिळणार होत्या. दादासुद्धा खुर्ची ओढून पुढे बसला. आई तेवढी खिडकीजवळच्या आपल्या जागेवरून उठली नाही. ती चष्मा पुसत होती.

पहिल्यांदा कपाटातले निघाले. पुठ्ठा उचलला की खाली पेन्सिलीची बारीक, किरटी सही. इतक्या अगडबंब बायका घडवणारा माणूस एवढीशी सही करतो, याचं छोटूला फार आश्चर्य वाटलं. मग दादाकडचे काळे. शेवटी दादाची पाठमोरी.

पाठमोरीचा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ होता. दादा इमारतींचे आराखडे करतो. त्याने स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्याची अख्खी एक बाजू काचेची ठेवली, आणि वास्तू बघायला लोक लांबून येऊ लागले. त्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, दादाने बाबांकडे तोंड उघडून आडवी मागितली. बाबांनी हो-नाही काही न म्हणता पाठमोरी पाठवली. "नव्या घरात पहिली बाई आली ती आमच्याकडे पाठ करून," असं दादा हसत हसत सांगायचा. हे वाक्य त्याने इतक्यांदा हसत सांगितलं होतं की त्यात हसू कुठे संपतं ते आता कुणालाच, वहिनीलाही, कळत नव्हतं.

"कागद थोडा पिवळा झालाय," संग्रहालयाची बाई म्हणाली, "पण छाप उत्तम आहे. अगदी काल काढल्यासारखा."

"काळीच ती," दादा म्हणाला. "तिला काय होणार." मग तो ताईकडे वळला. "चिऊ, आता तुझी काढ. सगळ्यात भारी तीच ना. निवडून दिलेली."

"मी मागितली नव्हती, दादा."

"तेच तर म्हणतोय. मागून मिळाली नसती."

ताईने चादरीची गाठ सोडली. बाबा बांधायचे तशीच गाठ, तिने मुद्दाम तशीच बांधली होती. फ्रेम टेबलावर आल्यावर तिने सगळ्यांकडे एकदा नजर टाकली. संग्रहालयाला नकार कसा द्यायचा हे तिने वाटेत मनाशी घोटून ठेवलं होतं: बाबांची इच्छा होती, आणि बाबांची इच्छा म्हणजे ही समोर आहे. सही दिसली की बोलायचं.

बाईने काच काढली. पुठ्ठा उचलला. सही होती, क्रमांक होता. दोन्ही ठणठणीत.

आणि सहीच्या वर, पुठ्ठ्याखाली दबलेली चित्राची बोटभर कड चारी बाजूंनी उघडी पडली. ती कड विटकरी लाल होती. वर टेकडीच्या माथ्याला गर्द निळी. त्या झगझगीत चौकटीच्या आत एक फिकट, मळकट, बिस्किटाच्या रंगाची बाई राखाडी ढिगाऱ्याला टेकून पडली होती.

ताईला पहिल्यांदा वाटलं, ती कडच काहीतरी वेगळी आहे, कुणी नंतर रंगवली असेल. रोज सकाळी तिने आडवीकडे बघितलं होतं. रोज कालच्याइतकीच लाल होती. मग तिला जुन्या घरातली आडवी आठवली, दिव्याच्या उजेडात तापल्यासारखी दिसायची ती, आणि ताईने वाकून पुन्हा कडेकडे पाहिलं.

"ऊन," बाई म्हणाली. तिने ते अगदी हळू, आजारपणाचं नाव घ्यावं तसं उच्चारलं. "काळी शाई टिकते, पेन्सिल तर टिकतेच. रंग जातात. हे परत येत नाही."

"म्हणजे सही राहिली," छोटू म्हणाला, "आणि चित्र गेलं." त्याला टोचायचं नव्हतं. दावा मंजूर होईल की नाही हे बघायची त्याला सवय होती.

बाईने इतर छापांकडे पुन्हा पाहिलं. दोन्ही रंगीत, कपाटातले, ताजे होते. तिने विचारलं, हे कुणीतरी फिरवत होतं का? इतक्या जुन्या रंगीत छापांना कुणीतरी मधे मधे विश्रांती दिल्याशिवाय ते असे राहत नाहीत.

"तेच करायचे हे," आई खिडकीजवळून म्हणाली. "कागद दमतो म्हणायचे. वर्षभर भिंतीवर, मग रजा. दादाकडे काच, म्हणून काळी द्यायची, तिला ऊन चालतं. हिचं घर अंधारं, म्हणून रंगीत."

पालेभाजीला पाणी लागतं आणि लसणीला लागत नाही, अशा सुरात तिने हे सांगितलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

दादाने तिच्याकडे बघितलं. मग टेबलाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "हे तुला माहीत होतं?"

"घरात राहत होते ना मी."

"मग सांगितलं का नाही त्यांनी? मी मागितली होती, आई. एकदा. तोंडाने."

"काय सांगणार? तू हौसेने घर बांधलंस, चार लोकांना दाखवत होतास. त्यात यांनी म्हणायचं, तुझ्या घरात चित्र टिकत नाही? मीच म्हटलं होतं, सांगा त्याला. म्हणाले, वाईट वाटेल, त्यापेक्षा माझ्यावर चिडू दे." आई थांबली. "तू चिडलास. त्यांना बरं वाटलं."

इतकी वर्षं जपलेला राग असा टेबलावर काढून, वस्तुतः तो काही नव्हता असं दाखवलं, की माणसाला जरा उघड्यावर पडल्यासारखं होतं. दादाने खिशातून रुमाल काढला आणि काहीही न पुसता परत ठेवला.

ताईचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती आईकडे बघत होती.

"मला अंधारासाठी द्यायचे?"

"तुला कसं सांगणार, बाळा. त्या घराचं तुला आधीच किती वाटायचं. पाहुणे आले की तू आधी दिवे लावत सुटायचीस. तुला म्हणायचं, तुझ्याकडे ऊन येत नाही म्हणून देतो?"

दंतवैद्यांनी खोकल्यासारखं केलं. ते घर त्यांच्या वडिलांचं होतं. पण कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि तेही फार पुढे गेले नाहीत.

ताईला बाबांच्या फेऱ्या आठवल्या. आठवड्यातून एकदा दुकान बंद करून यायचे, टेबललॅम्प आडवीपासून जरा लांब सरकवायचे आणि समोर बसायचे. चहा गार व्हायचा. तिला वाटायचं, आपल्याला बघायला येतात आणि लाजून चित्राकडे बघतात. आता तेच बसणं तिने उलटं करून पाहिलं. ते तसंही बसत होतं.

"मग मी आवडती नव्हते," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"ते मला काय विचारतेस," आई म्हणाली. "मला त्यांनी असलं काही सांगितलं नाही. चित्रांचं तेवढं सांगायचे." मग, थोड्या वेळाने, "लॅम्पची वायर तुझ्याकडे कमी पडते म्हणून लांब वायर आणून दिली होती त्यांनी. ती आहे का अजून?"

होती. नव्या घरात लागत नव्हती, म्हणून माळ्यावर होती.

संग्रहालयाच्या बाईला कुणाचं काय चाललंय ते समजत असावं, कारण तिने बराच वेळ हातमोजे काढण्यात घालवला. मग ती म्हणाली की अट संग्रहालयाने मागे घेतली असं समजावं. आठ छाप संग्रहालय आनंदाने घेईल, खोलीही तीच, नावही तेच. नववाही त्यांना उपयोगी पडेल. शिकणाऱ्यांना उन्हाचा परिणाम दाखवायला इतकं स्पष्ट उदाहरण सहसा मिळत नाही.

छोटूला हे फारच व्यवहारी वाटलं. सगळ्यांचं भलं होत होतं. त्याने मान हलवायला सुरुवात केलीच होती.

"उदाहरण म्हणून नाही," दादा म्हणाला.

"अरे, पण तूच..."

"आठ न्या. मी सही करतो. ही उदाहरण म्हणून कुठे जाणार नाही." तो छोटूशी बोलत होता, पण बघत होता फ्रेमकडे. "बाबांची आहे ती."

वहिनी दारात ट्रे घेऊन उभी होती. पहिल्यांदाच तिचं आणि दादाचं मत एकाच खोलीत एक झालं होतं, आणि ते उघड बोलायची सोय नव्हती, कारण ती आधीपासून छाप देऊन टाकायच्या बाजूची आहे असं दादाला वाटत होतं. तिने ट्रे खाली ठेवला आणि ताईच्या पाठीवर हात ठेवला. बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर.

कागदपत्रं झाली. छाप पुढच्या महिन्यात न्यायचं ठरवून बाई गेली. छोटूने आठ छाप कपाटात ठेवल्यावर टेबलावर आडवी एकटी पडून होती, लाल-निळ्या कडेच्या आत फिकट. ताईने पुठ्ठा पुन्हा लावायला घेतला. कड झाकली की बाई बरी दिसेल, इतका तिचा हिशेब होता. दादाने तिचा हात धरला.

"कड राहू दे. दिसू दे."

"कशाला?"

"चिऊ," तो म्हणाला, "माझ्याकडे दे ना ही. एक वर्ष."

ताईने त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत असेल असं तिला वाटलं. दादाचा चेहरा चेष्टेचा आणि बिनचेष्टेचा एकच.

"तुझ्याकडे काच आहे."

"आता काचेने तिचं काय व्हायचंय? जायचं ते गेलं. आता माझ्या घरी राहील ती. पूर्वी राहिली नसती."

यावर आई खिडकीजवळ हसली. बाबा हसायचे तशी, आवाज न करता.

"एकच वर्ष," ताई म्हणाली.

"एकच. पुढच्या रविवारी, म्हणजे वर्षाने, आणून देतो." मग जरा थांबून, हळू आवाजात, जणू दुसरं कुणी ऐकू नये: "सध्या पाठमोरी घेऊन जा. ती अजून द्यायची आहे त्यांना. पुढच्या महिन्यापर्यंत आहे."

गाठ दादाने बांधली. चुकीची बांधली. ताईने ती सोडून बाबांसारखी बांधली.

घरी पोचल्या पोचल्या ताईने गॅलरीचे पडदे ओढले. नवे घेतल्यापासून ते कधी ओढलेच नव्हते. कड्यांनी कुरकुर केली. मग ती भिंतीकडे वळली. आडवीच्या जागी एक चौकोन होता. भिंतीचा रंग इतक्या वर्षांत उन्हाने उतरला होता, हे तिला आजपर्यंत दिसलंच नव्हतं; पण त्या चौकोनात तो रंगवला त्या दिवशीइतका गडद होता. तेवढं सगळं ऊन आडवीने स्वतःवर घेतलं होतं.

दंतवैद्यांनी पाठमोरी आणली आणि खिळ्यावर लावली. ती आडवीपेक्षा लहान होती, त्यामुळे चारी बाजूंनी ताज्या रंगाची बोटभर कड राहिली.

"दुसरा खिळा ठोकून जरा खाली घेऊ का? खालचं तरी झाकलं जाईल," त्यांनी विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "ते बघा ना, लांब वायर माळ्यावर कुठल्या खोक्यात आहे."